शिअरा ताऱ्याचा लहान जोडीदार आणि डोळ्यांना न दिसणारे किरण

जानेवारीत इशाच्या नमाजनंतर आग्नेयेकडे पाहिले तर सगळ्यांत जास्त चमकणारा एक तारा दिसतो. मराठीत तो व्याध, अरबीत शिअरा. कुरआन शरीफमध्ये सूरह नज्मच्या 49व्या आयतीत याच ताऱ्याचे नाव आहे. गोंदिया शहराच्या दिव्यांतही तो ओळखू येतो. नवेगावबांधकडच्या अंधारात तर विचारूच नका.

आपल्याला एक दिसणारा हा तारा खरे तर जोडी आहे. 1862 मध्ये अमेरिकेत अल्व्हन क्लार्क यांना दुर्बिणीतून त्याच्याशेजारी अंधुक ठिपका दिसला. तो निघाला श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वस्तुमान जवळपास सूर्याइतके, आकार मात्र पृथ्वीपेक्षाही थोडा लहान! 'चंद्रा' या अवकाश दुर्बिणीने क्ष-किरणांत फोटो काढला, तेव्हा उलटेच दिसले: बटू ठळक आणि मोठा तारा फिका. कारण बटूचा पृष्ठभाग सुमारे 25 हजार अंश तापलेला आहे.

शिअराच्या जोडीत अंतर बरेच आहे. एका फेरीला 50 वर्षे लागतात. पण जोडीदार अगदी जवळ असला तर काय होते? बटू त्याचा वायू ओढून घेतो. हा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने खाली येतो, आदळतो, कोट्यवधी अंश तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. दवाखान्यात एक्स-रे काढतात, तेच किरण. साठलेल्या वायूच्या थराचा कधी कधी मोठा स्फोट होतो. त्याला नोव्हा म्हणतात.

ऑगस्ट 2021 मध्ये आर एस ऑफियुकी या जोडीत असाच स्फोट झाला. तिथला जोडीदार लाल राक्षसी तारा आहे. त्याच्याभोवतीच्या वायूवर स्फोटातला वायू आदळला आणि क्ष-किरण बाहेर पडले. आपल्याकडे तेव्हा पावसाळा. पण आभाळ मोकळे असते तरी हे किरण जमिनीवर पोहोचले नसते, कारण हवेचे आवरण ते अडवते. आपल्या जिवासाठी ही मोठी मेहेरबानीच! म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते.

हे काम भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने केले. इस्रोने तो 28 सप्टेंबर 2015 रोजी सोडला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली, आणि या मोहिमेत पुण्याच्या आयुका संस्थेचाही वाटा आहे. आर एस ऑफियुकीचे किरण याच दुर्बिणीने टिपले.

आमच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते की अ‍ॅस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी नोंदणी केल्यावर मोफत मिळतात. तिरोडा, आमगाव, सालेकसा इथल्या कॉलेजात फिजिक्स घेतलेल्या मुला-मुलींसाठीही हा दरवाजा उघडा आहे. गणित पक्के करा, थोडे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग शिका. मोठी दुर्बीण गावात नाही म्हणून कुणी थांबायची गरज नाही.