भंगार आमचे, पोलाद कुणाचे?

नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत कुठल्याही वस्तीत सकाळी कान देऊन उभे राहा. 'भंगारवाला' ही हाक ऐकू येईलच. हातगाड्यावर मोडकी खुर्ची, गंजलेला पत्रा, सायकलची चौकट, जुन्या कूलरचा सांगाडा. गाडा ढकलणारा माणूस बहुधा आपला असतो किंवा गरीब मुसलमान, पारधी, वडार नाहीतर मसणजोगी समाजातला असतो. त्याला कोणी उद्योगाशी जोडत नाही. उद्योगपती म्हटले की सुटाबुटातला माणूस डोळ्यांसमोर येतो आणि भंगारवाला म्हटले की चोरीचा संशय! गावात मोटार चोरीला गेली की पोलीस आधी कुणाच्या झोपडीत शिरतात, हे वाचकांना सांगायला नको.

वास्तविक पाहता आज जगातल्या पोलाद कंपन्यांची सारी रणनीती याच हातगाड्याभोवती फिरू लागली आहे. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो.

लोखंड तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला झोतभट्टीचा. खाणीतले खनिज आणि कोकिंग कोळसा भट्टीत घालायचा, लोखंड वितळवायचे आणि त्याचे पोलाद करायचे. या मार्गाने एक टन पोलाद करताना सुमारे दोन टन कर्बवायू हवेत जातो. दुसरा मार्ग विजेच्या भट्टीचा. जुने लोखंड वितळवून नवे करायचे. यात धूर कितीतरी कमी, खनिज आणि कोकिंग कोळसा नावालाच. तापमानवाढीच्या धास्तीने युरोप आता दुसऱ्या मार्गाकडे वळला आहे. टाटांनी 2007 साली ब्राझीलच्या कंपनीशी लिलावात चुरस करून, समभागाला 608 पेन्स मोजून कोरस ही कंपनी घेतली. तिच्या वेल्समधील पोर्ट टालबोट कारखान्याची शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी विझली. तिच्या जागी विजेची भट्टी उभारायचे ठरले आणि त्यासाठी ब्रिटिश सरकारने 50 कोटी पौंड देऊ केले. हजारो गोऱ्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. नव्या भट्टीला खाद्य काय? भंगार!

युरोपीय संघाने 2024 मध्येच कायदा करून आपल्याकडचा टाकाऊ माल गरीब देशांत पाठवण्यावर बंधने घातली. 2027 पासून ती लागू व्हायची आहेत आणि भंगारही त्यांच्या कक्षेत येते. काल जो कचरा होता तो आज कच्चा माल झाला आहे, आणि कच्च्या मालावर ज्याचा ताबा त्याची सत्ता, हे भांडवलदार चांगलेच जाणतो.

आपल्या मराठवाड्यात हा दुसरा मार्ग नवा नाही. जालना हे सळईचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळते, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. नांदेड-लातूरच्या गाड्यांवरचे लोखंड छोट्या दुकानातून मोठ्या गोदामात, तिथून ट्रकने अशा भट्ट्यांकडे जाते आणि टीएमटी बार होऊन आपल्याच घरकुलाच्या पायात परत येते. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर भाव चढतो. पहिल्या टप्प्यावर मात्र काटा दुकानदाराचा आणि भावही दुकानदाराचाच.

आता हे काम अकुशल म्हणून हिणवले जाते, त्याबद्दल. भंगार निवडणारी बाई खिशातला लोहचुंबक लावून लोखंड आणि स्टेनलेस स्टील वेगळे करते. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम रंगावरून आणि वजनावरून ओळखते. बंद डबा, गॅसची टाकी, पाणी साठलेली नळी बाजूला काढते. का? कारण असली वस्तू भट्टीत गेली तर स्फोट होतो आणि वितळलेले लोखंड माणसांच्या अंगावर उडते. ऑगस्ट 2024 मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भट्टीच्या स्फोटात अनेक कामगार होरपळले. अशा भट्ट्यांवर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली मजुरांची पोरे राबतात. त्यांचा जीव भंगार नीट निवडण्यावरही अवलंबून असतो. हे ज्ञान कुठल्याही आयटीआयच्या अभ्यासक्रमात नाही. ज्या बाईकडे ते आहे तिला कुणी प्रमाणपत्र देत नाही.

केंद्राने नोव्हेंबर 2019 मध्ये पोलाद भंगाराचे धोरण आणले, 2021 मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले. नोंदणीकृत केंद्रे, यंत्रे, प्रदूषणाचे नियम. वरवर पाहता यात वाईट काही नाही. जुन्या गाडीतले तेल नाल्यात ओतण्याचे समर्थन कोण करील? परंतु अशा केंद्राला जमीन लागते, भांडवल लागते, परवाने लागतात. ते हातगाड्यावाल्याकडे कोठून येणार? टाटा स्टीलने 2021 मध्येच हरियाणातील रोहतकला वर्षाला पाच लाख टन भंगार हाताळणारा प्रकल्प सुरू केला. म्हणजे खाण, भट्टी, सळई हे सगळे ताब्यात असलेले घराणे आता गल्लीतल्या मोडक्या बादलीपर्यंत पोहोचले आहे. जोवर या धंद्याला घाण म्हणत होते तोवर तो आमच्या माथी. त्यात पैसा दिसला की तो 'क्षेत्र' होतो! चामड्याच्या बाबतीत हे आपण एकदा पाहिले आहे. ढोर-चांभारांच्या हातातले काम कारखान्यात गेले, मालकी गेली आणि हिणकस नाव तेवढे आमच्याकडे उरले.

लोखंडाच्या बाबतीतही हे पहिल्यांदा घडत नाही. नांदेडच्या सीमेपलीकडे निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथले पोलाद न्यायला इराणी व्यापारी येत, अशी नोंद इंग्रज अधिकाऱ्याने केली आहे. दमास्कसच्या ज्या तलवारींचे गोडवे जग गाते त्यांचे पोलाद या भागातल्या मुशींत शिजले. ते शिजवणाऱ्यांची नावे इतिहासात नाहीत. आमच्याकडे घिसाडी समाज रस्त्याकडेला भाता लावून विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवत आला. कारखान्याचा माल आला आणि त्याचा भाता विझत गेला. भटक्या जमातींच्या यादीत त्याचे नाव तेवढे राहिले. नांदेड जिल्ह्यात लोहा नावाचा अख्खा तालुका आहे. माळेगावची प्रसिद्ध यात्रा त्याच तालुक्यात भरते. पण लोहा म्हणजे लोखंड, एवढाच काय तो तालुक्याचा पोलाद उद्योगाशी संबंध!

एक आठवण इथे सांगावीशी वाटते. 2006 साली लक्ष्मी मित्तल यांनी युरोपातील आर्सेलर कंपनी विकत घ्यायला काढली, तेव्हा तिचे प्रमुख गी दोले यांनी आम्ही अत्तर बनवतो आणि मित्तल साधे कोलनचे पाणी बनवतात, अशा अर्थाची टर उडवली होती. आपल्याकडची मोठी वर्तमानपत्रे खवळली. वर्णद्वेष, वर्णद्वेष म्हणून अग्रलेख आले. बरोबरच होते ते. पण माणसाच्या मालाचा दर्जा त्याच्या जन्मावरून ठरवण्याची रीत इथे गावोगावी चालते, त्यावर यातल्या किती लेखण्या चालल्या? मित्तलांना पैशाने उत्तर देता आले. आमच्या माणसाच्या हातचा चहासुद्धा काही गावांत आजही पिला जात नाही.

आता घरकुलाकडे येऊ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. तेव्हापासून आपल्या भागात सळई ही चैन राहिलेली नाही. 2020 च्या मध्यात चाळीस-पंचेचाळीस रुपये किलोच्या आसपास मिळणारा गज 2022 च्या उन्हाळ्यात सत्तरीच्या पुढे गेला. कारण सांगितले युक्रेनच्या युद्धाचे, कोकिंग कोळशाच्या भडक्याचे. अहो, पण भंगारातून सळई काढणाऱ्या भट्टीत कोकिंग कोळशाचा खडासुद्धा जात नाही! तरी भाव चढला, कारण भाव मोठ्या कंपन्या ठरवतात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात. ग्रामीण घरकुलाचे अनुदान मात्र 2016 पासून 1 लाख 20 हजारांवर गोठलेले होते. लहानशा घराला सहा क्विंटल लोखंड धरले तरी किलोमागे तीस रुपयांच्या वाढीने अठरा हजारांचा खड्डा पडतो. तो कोणी भरला? कित्येक घरकुले जोत्यावर थांबली, कित्येकांनी सावकार गाठला. शेवटी मे 2022 मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर 15 टक्के कर बसवला. कंपन्यांनी ओरड केली आणि नोव्हेंबरमध्ये तो काढलाही.

हेच कारखानदार चीनचा स्वस्त माल आला की सरकारच्या दारात उभे राहतात. एप्रिल 2025 मध्ये त्यांच्या मागणीवरून 12 टक्के संरक्षक शुल्क लागले. अमेरिकेने त्याच वर्षी पोलादावरचा आयातकर 50 टक्क्यांवर नेला. ब्रिटनने तर एप्रिल 2025 मध्ये सुट्टीच्या शनिवारी संसद भरवून, चिनी मालकीच्या स्कन्थॉर्प कारखान्याचा कारभार हाती घेण्याचा कायदा एका दिवसात केला. खाजगीकरणाचे धडे जगाला देणारा देश तो! बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत ही मांडणी केली, तेव्हा तिला स्वप्नाळू ठरवणारे आज कुठे आहेत?

इकडे मात्र उलटी गंगा. ओडिशातील नीलाचल इस्पात निगम हा सरकारी कारखाना 2022 मध्ये टाटांच्या कंपनीकडे गेला. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याची विक्री 2021 मध्ये तत्त्वतः मंजूर झाली. कामगार रस्त्यावर उतरले म्हणून ती रखडली. निर्गुंतवणूक या शब्दाचा आपल्या घरातला अर्थ एकच, आरक्षणाची जागा गेली. खाजगी मालकाला आरक्षण लागू नाही.

लातूरला हे अधिक चलाखीने झाले. 2018 मध्ये रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. मराठवाड्याच्या पोरांना नोकऱ्या मिळणार म्हणून ढोल वाजले. 25 डिसेंबर 2020 रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर आला, फोटो निघाले. पुढे 2023 मध्ये वंदे भारतच्या 1,920 शयनयान डब्यांचे कंत्राट रशियन कंपनीचा मोठा वाटा असलेल्या संयुक्त कंपनीला मिळाले आणि हे काम लातूरच्या कारखान्यात करायचे ठरले. जमीन महाराष्ट्राची, उभारणी सरकारी पैशाची. पण आत पोलाद कापायला, जोडायला लागणारा माणूस रेल्वे भरती मंडळाची परीक्षा देऊन येणार नाही, कंपनीच्या करारावर येणार. अनुशेषाची जागाच निर्माण झाली नाही, तर अनुशेष भरा म्हणून कुणाकडे जाणार?

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ते वाक्य आपल्याला पाठ असते. त्याच भाषणात त्यांनी मांडलेला तपशील मात्र विसरला जातो. अस्पृश्याला रेल्वेत गँगमनचे काम मिळते, पण वर्कशॉपमध्ये तो कुशल कारागीर होऊ शकत नाही, हमालच राहतो, ही ती तक्रार होती. लातूरच्या कारखान्यात वेल्डर किती आपले, फिटर किती आणि झाडूवाले, पहारेकरी किती, हा हिशेब कुणी मागितला आहे काय? रेल्वे विकास निगम ही सरकारी कंपनी आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. लातूरच्या सुशिक्षित तरुणांनी दहा रुपयांचा अर्ज करायला हरकत नाही.

भंगारवाल्यांसाठीही वाट आहे. पुण्यात 1993 साली बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया. त्यांना ओळखपत्र मिळाले, महापालिकेशी करार झाला. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे महापालिका आहेत, दोन्हीकडे आपले नगरसेवक निवडून येतात. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत 2024 पासून कचरावेचकांचाही समावेश झाला आहे. पहिली पायरी वस्तीवार नावे लिहून काढण्याची आहे, आणि दुसरी स्वतःच्या मालकीच्या वजनकाट्याची.