मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि गावाचा पॉडकास्ट

आजचा विषय ऐकून आमच्यातल्या एकाला त्याच्या काकांनी विचारलं, "काँप्युटरबद्दल ऐकायचं काय असतं रे? काँप्युटर तर बघायचा असतो." प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर आज द्यायचंच आहे, म्हणून तो आधीच तुमच्यापुढे ठेवतो.

आम्ही भोकरदनचे पाच-सहा जण. कोणी कॉलेजात शिकतं, कोणी डीटीपीच्या दुकानात बसतं, कोणी शाळेत शिकवतं. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर मराठीतून पॉडकास्ट सुरू करायचं आम्ही ठरवलंय. पॉडकास्ट का, तो कसा बनतो आणि आम्ही कुठे अडखळलो, एवढंच आज बोलू.

सुरुवात एका फाइलपासून झाली. ओळखीच्या एका ताईंनी बचत गटाच्या बैठकांचे वृत्तान्त कितीतरी वर्षं संगणकावर टाइप करून ठेवले होते. पुढे मशीन बदललं, जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालेना, आणि फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसायचा. ताई म्हणाल्या, "सगळं गेलं की हो!" खरं तर काहीच गेलं नव्हतं. जुन्या फॉण्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉण्ट नसेल तर संगणक खालचं इंग्रजी अक्षर दाखवतो. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. फॉण्ट कुठलाही लावा, 'क' हा 'क'च राहतो. म्हणजे ताईंची अक्षरं जागेवरच होती, ती वाचायची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात होती.

इथे मुक्तस्रोताचा मुद्दा येतो. बियाण्यांच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्यात तो समजावणं सोपं आहे. गावरान बियाणं तुम्ही पेरता, त्यातलं चांगलं निवडून ठेवता, शेजाऱ्याला पायलीभर देता, पुढच्या वर्षी पुन्हा पेरता. संकरित वाणाचं तसं होत नाही. घरी राखून पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. संकरित वाण वाईट, असं आम्ही म्हणत नाही. पण बी कोणाच्या हातात आहे, हे माहीत असावं. सॉफ्टवेअरचं बी म्हणजे त्याचा सोर्स कोड, माणसानं लिहिलेली मूळ कृती. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातून चार स्वातंत्र्यांची व्याख्या पुढे आली: सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरा, ते कसं चालतं ते तपासा, दुसऱ्याला द्या, आणि सुधारून सुधारलेलंही द्या. 1991 मध्ये लिनक्स आलं. 'ओपन सोर्स' हे नाव 1998 मध्ये रूढ झालं. बियाण्याशी एक फरक मात्र आहे. पायलीभर बी दिलं की आपल्या कणगीत तेवढं कमी होतं, सॉफ्टवेअर दिल्यानं कमी होत नाही.

'मोफत' आणि 'मुक्त' यांत गल्लत करू नका. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यानं तिकडे घोळ होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते नीट वापरू. फुकट मिळणारं कितीतरी सॉफ्टवेअर मुक्त नसतं. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही हरकत नाही.

आता काकांचा प्रश्न. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं तो उभा राहिला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर इंग्रजी आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. आधी संहिता लिहितात. ती नवशिक्या माणसाकडून तपासून घेतात. तो अडला तर संहिता बदलतात. ही सवय आम्ही जशीच्या तशी उचलली आहे.

पण तिथे पडदा आहे, आपल्याकडे फक्त कान. म्हणून पहिला नियम ठरवला: 'डावीकडच्या मेनूवर क्लिक करा' हे वाक्य आमच्या भागात येणार नाही. ते व्हिडिओचं काम. कानाला गोष्ट कळते. ताईंची फाइल कशी बिघडली, कशी दुरुस्त झाली, दुकानदारानं लिबरऑफिस वापरून बघितलं तेव्हा काय जमलं आणि काय जमलं नाही, हे ऐकायला पडदा लागत नाही. हात कामात असले तरी ऐकता येतं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची घेऊन निघालेला माणूस व्हिडिओ बघू शकणार नाही, पण ऐकू शकेल. व्याख्यानं ऐकायची सवय तर आपल्याला जुनीच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची.

'हॅकर पब्लिक रेडिओ' हे आमच्यापुढचं दुसरं उदाहरण. 2005 मध्ये वेगळ्या नावानं सुरू झालेला हा पॉडकास्ट आठवड्याचे पाचही कामाचे दिवस नवा भाग देतो, आणि ते भाग ऐकणारेच बनवतात. कोणी स्वयंपाकघरात बसून बोलतं, कोणी गाडी चालवताना. ठरलेला निवेदक नाही. कोणी भाग पाठवलाच नाही तर पॉडकास्ट थांबेल, हे ते उघड सांगतात. 'लोकांचा' या शब्दाचा अर्थ आम्हाला तिथे कळला.

आता प्रत्यक्ष काम. आमचं पहिलं रेकॉर्डिंग वाया गेलं. पत्र्याखालची खोली, वर पंखा, आणि बरोबर त्याच वेळी पाऊस. दुसऱ्यांदा पक्क्या छताची खोली घेतली, पंखा बंद केला, भिंतींना दोन वाकळी टांगल्या, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवला. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, तो वाकळ पिऊन टाकते. महागड्या माइकपेक्षा वाकळीनं जास्त फरक पडला.

संपादनाला ऑडॅसिटी आहे. तेही मुक्तस्रोत, 2000 सालापासून लोकांच्या हाती असलेलं. सुरुवातीची पाच सेकंदं कोणी काही बोलू नका. त्या शांततेतून सॉफ्टवेअर खोलीतली घरघर ओळखतं आणि सगळीकडून कमी करतं. फार कमी करू नका, माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटतं. एकेक 'म्हणजे' काढत बसायचीही गरज नाही.

फाइल केवढी ठेवायची, हे ऐकणाऱ्याच्या डेटा पॅकवर ठरतं. वीस मिनिटांचं मूळ एका चॅनेलचं ध्वनिमुद्रण शंभर एमबीच्या पुढे जातं. तेच सेकंदाला 64 किलोबिट या दरानं एमपी3 केलं की साडेनऊ एमबीच्या आसपास येतं, आणि बोलण्याला तेवढं पुरतं. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, आणि दोन ठिकाणी ठेवा.

मग ते पोचतं कसं? आरएसएस फीड नावाची एक साधी मजकुराची यादी असते: भागाचं नाव, तारीख, आवाजाच्या फाइलचा पत्ता. ऐकणाऱ्याचं अ‍ॅप अधूनमधून ती यादी वाचतं आणि नवी ओळ दिसली की फाइल आणतं. ही पद्धत कोणा एका कंपनीची नाही. अँटेनापॉडसारख्या मुक्त अ‍ॅपवरही ऐका, दुसऱ्यावरही ऐका. उद्या जागा बदलली तरी फीड आपल्या ताब्यात असेल तर ऐकणारे तुटत नाहीत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 2008 पासून 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ आहे. रेडिओला इंटरनेट लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो, मनोरा लागतो. आमच्या आवाक्यात पॉडकास्ट होता.

परवाना आपणही द्यायचा असतो, ऐकणाऱ्याला. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या' हा परवाना निवडलाय. म्हणून मध्ये सिनेमाचं गाणं वाजवता येणार नाही. जे आपलं नाही ते वाटायचा हक्क आपल्याला नाही. आणि ज्यांचा आवाज घेतो त्यांना हे आधी समजावून, विचारूनच घ्यायचं.

खरी अडचण तंत्राची नाही, टिकण्याची आहे. उत्साह तीन भागांत संपतो. परीक्षा येते, सोयाबीनची काढणी येते, कोणाला पुण्यात नोकरी लागते. म्हणून चार भाग तयार झाल्याशिवाय पहिला बाहेर काढायचा नाही, महिन्याला एकच भाग करायचा, आणि प्रत्येक काम किमान दोघांना यायला हवं, असं ठरवलंय. पासवर्डही एकाच्याच खिशात नको. नाहीतर ताईंच्या फाइलची गोष्ट आमच्याच घरी घडायची.

शेवटी एक आठवण. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. कोणी एक शिळा दिली, कोणी कठड्याचा एक भाग, आणि त्यावर देणाऱ्याचं नाव राहिलं. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही असंच बनतं, तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येकाचं नाव नोंदवून. आमच्या प्रत्येक भागाच्या शेवटी संहिता तपासणाऱ्याचं, खोली देणाऱ्याचं, वाकळ देणाऱ्याचंही नाव येईल.

पहिला भाग ताईंच्या फाइलवर आहे. बरीचशी अक्षरं युनिकोडमध्ये परत आली, काही जोडाक्षरं अजून हातानं दुरुस्त करतोय. तुमच्याकडे अशी न उघडणारी फाइल असेल, तर व्याख्यान संपल्यावर थांबा. दुसरा भाग तिच्यावरच करू.