घरच्या पान्यावर गाडी : भाग ३ – चेन

गळीत हंगाम सुरू झाला की सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांकडे जाणारे रस्ते काळे पडतात. उसाच्या ट्रॉल्या रानातली माती चाकांना घेऊनच डांबरावर येतात. पहाटे दव पडलं की त्या मातीचा राडा होतो आणि दुपारी ऊन तापलं की त्याच राड्याची धूळ. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात धुळीला हंगामाचीही गरज नाही. या सगळ्याचा मार आधी बसतो तो मोटरसायकलच्या चेनला. म्हणून मागच्या दोन भागांत टायरची हवा आणि इंजिन ऑइल पाहिल्यावर आज चेन घेतो आणि जरा सावकाश घेतो.

चेन सैल पडते म्हणजे लोखंड ताणलं जातं, असा समज आहे. तसं होत नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती बुशात फिरते. धूळ आणि तेल एकत्र आलं की त्याचा खरखरीत लगदा होतो. तो पिन आणि बुश दोन्ही झिजवतो. एका कडीची झीज केसाएवढी, पण शंभरावर कड्यांची मिळून चेन लांब होते. मग स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांचे, दातही झिजून एका बाजूला आकड्यासारखे वळतात. अशा दातांवर नवी चेन घातली तर तीही लवकर जाते. म्हणूनच गॅरेजवाले चेन-स्प्रॉकेटचा सगळा संच बदलायला सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे.

आपल्याकडची एक सवय मात्र सोडायला हवी. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल चेनवर ओतायचं, ही ती सवय. त्या ऑइलमध्ये इंजिनातल्या झिजेचा बारीक कीस असतो, म्हणजे आपण हातानेच चेन घासायला देतो. वरून ग्रीस थापणंही तसंच. ते पिनपर्यंत पोचत नाही आणि धूळ तेवढी धरून ठेवतं.

आता काम. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि मधल्या स्टँडवर. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये गेली आहेत. लुंगीचं टोक, उपरणं, ओढणी आधी आवरून घ्या. चेन कव्हर बंद असेल तर त्यावर एक रबरी बूच असतं. ते काढलं की चेन दिसते आणि खाली-वर करून तपासता येते.

दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली दाबून पाहा. साध्या प्रवासी गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर हालचाल लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे, तोच धरा. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वात घट्ट लागते, तिथलं माप खरं. घट्ट ठेवली की काम चोख झालं, असं वाटतं. पण मागे माणूस बसला किंवा दुधाचे कॅन लागले की चेन आणखी ताणते आणि बेअरिंगवर भार येतो.

ताण द्यायचा तर एक्सलचा नट सैल करा. काही गाड्यांना स्प्रॉकेटच्या बाजूला दुसरा मोठा नट असतो. तोही सैल केल्याशिवाय चाक सरकत नाही आणि नवखा माणूस इथेच अडतो. मग दोन्हीकडचे अॅडजस्टर सारखेच फिरवा आणि दोन्हीकडच्या खुणा जुळवा. एक बाजू पुढे-मागे राहिली तर चाक तिरकं धावतं. नट पक्के आवळा. कॉटर पिन असेल तर ती परत घाला.

धुवायला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, रबरी ओ-रिंगची चेन असेल तर मुळीच नको. कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे कड्यांच्या आतल्या बाजूने सोडा आणि जास्तीचं पुसून टाका. लॉकची क्लिपही तेव्हाच पाहा: चेन धावते त्या दिशेला तिचं बंद टोक असावं, उघडं तोंड मागे.

स्कूटरवाल्यांना हा भाग लागू नाही. बारामतीच्या एमआयडीसीत २०१२पासून बनणाऱ्या व्हेस्पालाही चेन नाही, बेल्ट आहे.

पुस्तिकेतलं किलोमीटरचं वेळापत्रक साध्या रस्त्यासाठी असतं. धुळीच्या भागात देखभाल लवकर करा, असं बहुतेक पुस्तिकाच सांगतात. हंगामात उसाच्या रस्त्यावर रोज ये-जा असेल, तर दर आठवड्याला चेन पाहावी, असं माझं मत आहे.

एक तपासणी राहिली. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक घासत राहतो. रॉडच्या टोकाचा नट सैल करून पेडलची मोकळीक पुन्हा लावा, चाक हाताने फिरतंय ना ते पाहा आणि ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का तेही बघा. त्यानंतरच गाडी रस्त्यावर काढा.

(पुढच्या आठवड्यात : एअर फिल्टर)