अर्ध्या डॉलरची लस

एखाद्या रोगावर लस निघाली, की त्या रोगाने मरणाऱ्या माणसांचे प्राण वाचले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. प्रयोगशाळेत लस सिद्ध होणे आणि ती आडरानातील वस्तीवरच्या मुलाच्या दंडात टोचली जाणे, या दोन घटनांच्या दरम्यान किंमत, वाहतूक, वीज, बर्फ, रस्ते आणि मनुष्यबळ असे अनेक अडसर उभे असतात. संपन्न देशांत हे अडसर सहसा जाणवत नाहीत. गरीब देशांत मात्र त्यांपैकी एखादाही सारा शोध निष्फळ ठरविण्यास पुरेसा होतो. आफ्रिकेतील एका भीषण साथीवर पुणे येथे तयार झालेल्या लशीची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

साथीचा पट्टा

आफ्रिका खंडात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, पश्चिमेकडील सेनेगलपासून पूर्वेकडील इथिओपियापर्यंत, २६ देशांत विस्तारलेला एक भूभाग आहे. त्याला ‘मेनिंजायटिसचा पट्टा’ असेच नाव पडले आहे. मेनिंजायटिस म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांच्यावरील आवरणाचा दाह. हा रोग अनेक कारणांनी होतो. परंतु या पट्ट्यातील मोठ्या साथींना मेनिंगोकॉकस नावाचा जंतू कारणीभूत असतो. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या घशातही तो राहू शकतो आणि खोकला, शिंका व निकटचा सहवास यांतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. डिसेंबर ते जून या कोरड्या ऋतूत वाळवंटाकडून धुळीचे वारे वाहतात, नाका-घशाची आतील त्वचा कोरडी पडून तिला इजा होते, गार रात्री माणसे लहान घरांत दाटीवाटीने झोपतात आणि साथ भडकते.

अचानक येणारा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या आणि ताठरलेली मान ही या रोगाची प्रमुख लक्षणे होत. पहिले लक्षण दिसल्यापासून एक-दोन दिवसांतच रोगी दगावू शकतो. उपचार झाले तरी सुमारे दहा रुग्णांमागे एक मृत्यू पावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना बहिरेपणा, फेफरे किंवा बुद्धीचे मांद्य जन्मभर सोसावे लागते. १९९६-९७ साली आलेल्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार मृत्युमुखी पडले. मेनिंगोकॉकसचे अनेक गट आहेत. या पट्ट्यातील मोठ्या साथी त्या काळी बहुतांशी ‘ए’ गटाच्या जंतूमुळे उद्भवत.

जुनी लस आणि नवी लस

या रोगावर त्या वेळी लस नव्हती असे नाही. जंतूच्या अंगाभोवती शर्करेचे एक कवच असते. केवळ त्या शर्करेपासून केलेली लस पूर्वीपासून उपलब्ध होती. परंतु दोन वर्षांखालील मुलांना तिचा फारसा उपयोग होत नसे, मोठ्यांना मिळणारे संरक्षण दोन-तीन वर्षांत ओसरे आणि घशातील जंतूंचा वावर तिने थांबत नसे. त्यामुळे साथ सुरू झाल्यावर धावपळ करून ती टोचली जाई. पुष्कळदा लस गावात पोहोचेपर्यंत साथ आपला बळी घेऊन मोकळी झालेली असे.

यावर संशोधकांनी संयुग्म लशीचा मार्ग शोधून काढला होता. या पद्धतीत जंतूच्या कवचातील शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक क्रियेने जोडतात. त्याचा लाभ एका साध्या दृष्टान्ताने ध्यानी येईल. अनोळखी माणूस एकटाच बाजारातून निघून गेला, तर त्याचा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही. तोच माणूस गावातील नामांकित चोराच्या खांद्याला खांदा लावून आला, तर लोक त्याला नीट पाहून ठेवतात आणि पुढे तो कोठेही दिसला तरी ओळखतात. शरीराची प्रतिकारशक्ती प्रथिन चटकन ओळखते. त्याच्या संगतीने आलेली शर्करा तिच्या स्मरणात पक्की बसते. ही ओळख लहान मुलांच्या शरीरालाही पटते, दीर्घकाळ टिकते आणि घशातील जंतूंनाही थारा मिळू देत नाही.

ब्रिटनने १९९९ साली ‘सी’ गटाच्या जंतूविरुद्ध अशी संयुग्म लस आपल्या मुलांना देण्यास प्रारंभ केला. म्हणजे तंत्र ठाऊक होते. तरीही ‘ए’ गटासाठी तशी लस निघाली नव्हती, कारण ‘ए’ गटाचा रोग ज्यांना होत असे त्यांच्या खिशात पैसा नव्हता. लस घेऊ शकणारा ग्राहक नाही, म्हणून लस करणारा कारखानदारही नाही, असा हा पेच होता.

आधी किंमत, मग लस

हा पेच सोडविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही सेवाभावी संस्था यांनी २००१ साली एकत्र येऊन मेनिंजायटिस लस प्रकल्प हाती घेतला. बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाने त्यासाठी सात कोटी डॉलरचे अनुदान दिले. प्रकल्पाच्या चालकांनी प्रथम आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांशी विचारविनिमय केला. एका मात्रेस अर्ध्या डॉलरहून अधिक किंमत पडली तर लस कितीही गुणकारी असली तरी आपल्या देशांना ती परवडणार नाही, असे त्या चर्चेत स्पष्ट झाले. नेहमीच्या व्यवहारात वस्तू तयार होते आणि मग तिची किंमत ठरते. येथे किंमत आधी ठरली आणि तीत बसेल अशी लस तयार करावयाची, असा उलटा क्रम स्वीकारण्यात आला.

इतक्या अल्प किमतीत लस देण्यास मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी बोलणी करूनही यश आले नाही. अखेर हे काम पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने पत्करले. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेस बालकांच्या लशी स्वस्तात व मोठ्या प्रमाणावर बनविण्याचा अनुभव होता. जोडणीसाठी लागणारे धनुर्वातप्रतिबंधक प्रथिनही ती स्वतःच तयार करीत होती. शर्करा मिळविण्याचे काम प्रारंभी नेदरलँड्समधील एका कंपनीच्या साहाय्याने झाले. शर्करा व प्रथिन जोडण्याची सुधारित रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून मिळाली आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांना ती शिकविण्यात आली. अशा रीतीने युरोप व अमेरिकेतील ज्ञान आशियातील कारखान्यात एकत्र आले आणि आफ्रिकेच्या उपयोगी पडले.

लशीच्या पहिल्या चाचण्या २००५ साली भारतात झाल्या. २००६ पासून माली व गांबिया या देशांत पुढील चाचण्या सुरू झाल्या. डिसेंबर २००९ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी आणि जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लशीस मान्यता दिली. ‘मेनआफ्रिव्हॅक’ असे तिचे नामकरण झाले. सुरुवातीस ठरल्याप्रमाणे किंमत अर्ध्या डॉलरच्या आतच, म्हणजे त्या वेळच्या दराने २२-२३ रुपयांच्या आत राहिली.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो या देशात राष्ट्रव्यापी मोहिमेस आरंभ झाला आणि अल्पावधीतच तेथे एक कोटीहून अधिक लोकांचे लसीकरण झाले. एक ते २९ वर्षे वयाच्या सर्वांना एकच मात्रा द्यावयाची, असे धोरण होते. रोगाची अधिक झळ पोहोचणारी आणि जंतू घशात बाळगून इतरांना देणारी माणसे मुख्यतः याच वयोगटातील असल्याने त्यांना लस मिळाली की उर्वरितांचेही रक्षण होते, हा त्यामागील विचार होता.

उन्हाशी सामना

किमतीचा अडसर दूर झाला तरी उन्हाचा अडसर शिल्लक होता. बहुतेक लशी कारखान्यापासून टोचणीपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. ज्या गावी वीज नाही, तेथे रोज बर्फाच्या लाद्या पोहोचविणे हे लस टोचण्यापेक्षाही जिकिरीचे काम होऊन बसते.

मेनआफ्रिव्हॅकच्या चाचण्यांत ही लस उष्णता बऱ्याच प्रमाणात सोसू शकते, असे दिसून आले. तेव्हा २०१२ साली ती ४० अंशांपर्यंतच्या तापमानात जास्तीत जास्त चार दिवस बर्फाविना ठेवण्यास अनुमती मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेनिन देशातील बानिकोआरा जिल्ह्यात या पद्धतीने प्रथमच मोहीम राबविण्यात आली. आरोग्यसेवक बर्फाचे ओझे न वाहता दूरच्या वस्त्यांवर जाऊ लागले. चाड देशात केलेल्या हिशेबानुसार तापमान राखण्याच्या कामावरील माणशी खर्च या पद्धतीमुळे निम्म्यावर येतो.

ही मुभा देणे शक्य झाले, त्यात एका लहानशा चिन्हाचाही वाटा आहे. लशीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यात एक चौकोन छापलेला असतो. प्रारंभी चौकोन वर्तुळाहून फिका असतो. कुपीला जसजशी उष्णता लागते तसतसा तो गडद होत जातो. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, की ती कुपी वापरावयाची नाही. हे चिन्ह १९९६ साली पोलिओच्या लशीवर प्रथम आले. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील लशींच्या कुप्यांवरही ते लेबलावर किंवा टोपणावर असते. अक्षरओळख नसलेल्या मातेलाही ते वाचता येते. शाळेत फळ्यावर वर्तुळ व चौकोन काढून शिक्षकांना ते सहज समजावून देता येईल. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. लस गोठून खराब झाली असल्यास हे चिन्ह ते दाखवीत नाही. तसेच चार दिवसांची ही मुभा परीक्षेत उतरलेल्या ठरावीक लशींनाच असते. नेहमीच्या लशींना ती सरसकट लागू नाही आणि त्यांची शीतसाखळी कसोशीने पाळलीच पाहिजे.

फलश्रुती

लशीचा परिणाम लवकरच दिसून आला. चाडमध्ये काही प्रांतांत लसीकरण आधी झाले व काही प्रांतांत ते व्हावयाचे होते. २०१२ च्या साथीच्या हंगामात या दोहोंची तुलना केली असता लस मिळालेल्या भागात मेनिंजायटिसचे प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे २०१६ पासून अनेक देशांनी तान्ह्या मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात या लशीचा समावेश करण्यास सुरुवात केली. पट्ट्यातील २६ देशांपैकी २४ देशांत मिळून सुमारे ३५ कोटी लोकांना ती देण्यात आली. २०१७ नंतर या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या मेनिंजायटिसचा रुग्ण आढळलेला नाही. शतकभर ज्या साथीच्या भयाने कोरडा ऋतू काळवंडून जाई, ती साथ एका पिढीच्या आत दिसेनाशी झाली.

अपुरे राहिलेले काम

याचा अर्थ लढा संपला असा नव्हे. ‘ए’ गट मागे हटला तरी ‘सी’, ‘डब्ल्यू’ व ‘एक्स’ या गटांचे जंतू साथी निर्माण करीत राहिले. नायजेरियात २०१७ साली ‘सी’ गटाच्या साथीत १४ हजारांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. यावर उपाय म्हणून सीरम इन्स्टिट्यूट व ‘पाथ’ यांनी पुन्हा सहकार्य करून ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांविरुद्ध एकच लस तयार केली. जुलै २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ साली नायजेरियाने जगात सर्वप्रथम ती वापरात आणली.

पाच शर्करांची ही लस बनविणे साहजिकच अधिक खर्चाचे आहे आणि तिची किंमत पहिल्या लशीच्या कित्येक पट पडते. त्यामुळे गरीब देशांना ती घेताना आंतरराष्ट्रीय साहाय्यावर अवलंबून राहावे लागते. किमतीचा जो प्रश्न २००१ साली प्रथम विचारला गेला, तो आज पुन्हा समोर उभा आहे.

अर्ध्या डॉलरच्या लशीमागे अद्‌भुत असे यंत्र नव्हते. शर्करा व प्रथिन जोडण्याची विद्या आधीच सिद्ध झाली होती, कुपीवरील चौकोनही जुनाच होता. लस कोणाला द्यावयाची, त्याला किती परवडते, त्याच्या गावी वीज आहे की नाही, हे प्रश्न कामाच्या अखेरीस न विचारता आरंभीच विचारले गेले, हे या प्रकल्पाचे वेगळेपण होय. गावचे आरोग्य उपकेंद्र असो वा जागतिक मोहीम, कोणत्याही नव्या साधनाची योजना करताना सर्वांत दूरच्या वस्तीपासून विचार सुरू केला, तर ते साधन त्या वस्तीपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक, हाच पुण्याहून आफ्रिकेस गेलेल्या या लशीचा धडा आहे.