लपलेला रंग

एखाद्या गावात पांढरा नाग निघाला की लोक दैवी चमत्कार मानून हात जोडतात. ह्या रंगाचे कोडे अमेरिकेतील एका बिनविषारी सापाच्या उदाहरणाने आम्ही उलगडू इच्छितो.

तेथे ‘कॉर्न स्नेक’ नावाचा नारिंगी साप हौसेने पाळतात. त्याच्या ठिपक्यांभोवतीच्या काळ्या कडा ‘मेलॅनिन’ ह्या रंगद्रव्याच्या असतात. क्वचित एखाद्या सापात हे द्रव्य तयारच होत नाही. मग काळा रंग लोपतो व डोळे तांबडे दिसतात. बेक्टेल दांपत्याने अशा सापांची पैदास करून हा गुण आनुवंशिक असल्याचे १९६२ साली प्रसिद्ध केले.

प्रत्येक पिल्लास ह्या गुणाचे एक जनुक पित्याकडून व एक मातेकडून मिळते. मेलॅनिन घडविणारे एक जनुक असले तरी काळा रंग उमटतो. म्हणून असा साप व शुद्ध कुळीचा नेहमीचा साप ह्यांची सारी पिल्ले नेहमीच्याच रंगाची निपजतात. गुण नष्ट झालासा वाटतो. वस्तुतः तो लपलेला असतो. अशा दोन पिल्लांची पुढे जोडी जमल्यास, दोन नाणी उडविली असता दोन्ही छापे पडावेत तद्वत्, सरासरीने चारांत एक पिल्लू काळ्या रंगावाचून जन्मते. मेंडेलने वाटाण्यांत हेच प्रमाण पाहून १८६६ साली प्रसिद्ध केले होते. मात्र ही केवळ संभाव्यता आहे, हमी नव्हे.

तेव्हा रूपावरून कुळाची परीक्षा करू नये. आपल्याकडील साप मात्र दुरूनच पाहावेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेकांना अभय दिले आहे.