केकवरचा बर्थडे, कागदावरचा बर्थडे

माणूस मनाने तरुण असला की झालं, हे म्हणायला ठीक आहे. पण बँक, पीएफ ऑफिस, पासपोर्ट आणि कोर्ट तुमच्या मनात डोकावत नाहीत. ते कागद बघतात. तुमच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख एकच आहे ना?

एक गंमत करून बघा. येत्या १ जूनला किती जणांना हॅपी बर्थडेचे मेसेज जातायत ते मोजा. एखादे काका, एखादे मामा, ऑफिसातले सीनिअर, सोसायटीचे सेक्रेटरी... हे सगळे एकाच दिवशी जन्मले का? छे! ही सगळी गुरुजींची कृपा. पूर्वी गावाकडे जन्माची नोंद क्वचितच व्हायची. आई सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला", किंवा "दुष्काळाच्या साली". शाळा उघडायची जूनमध्ये आणि पहिलीत बसवायला पोरगं सहा वर्षांचं हवं. मग गुरुजी हिशोब जुळवून रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे व्हायचे.

त्याचा परिणाम चाळीस वर्षांनीही दिसतो. सरकारी नियमानुसार जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर रिटायरमेंट आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणूनच महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मे हा निरोप समारंभांचा, शाल-श्रीफळांचा दिवस असतो!

तुम्ही म्हणाल, हे झालं आईबाबांच्या पिढीचं. आम्ही हॉस्पिटलात जन्मलो, बर्थ सर्टिफिकेट आहे, आमचा काय संबंध? बॉस, संबंध आहे.

अठरा, एकवीस, पंचवीस...

आपले हक्क वाढदिवसांच्या हिशोबाने मिळतात. सज्ञान होण्याचं वय १८, हा कायदा १८७५ सालचा. त्यात एक मजेशीर बारकावा आहे. जन्माचा दिवस पूर्ण धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाला दिवस सुरू होताच तुम्ही सज्ञान. म्हणजे रात्री बारा वाजता केक कापणारी मंडळी कायद्याने अगदी करेक्ट आहेत.

अठराच्या आत केलेला करार कोर्टात टिकत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच तसा निकाल दिलाय. मतदानाचं वय पूर्वी २१ होतं, ते १८ झालं १९८९ मध्ये. लग्नासाठी मुलीला १८ आणि मुलाला २१. महापालिकेची निवडणूक लढवायला २१, लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३०, राष्ट्रपती व्हायचं तर ३५. गोव्यात १८ व्या वर्षी बिअर चालते, महाराष्ट्रात मात्र कडक दारूसाठी पंचविशी गाठावी लागते. सह्याद्रीच्या घाटातून खाली उतरलं की माणूस अचानक मोठा होतो!

या प्रत्येक पायरीवर तुम्हाला एकच गोष्ट विचारली जाते, ती म्हणजे पुरावा. आणि खरी गडबड तिथेच आहे.

'आधार आहे ना? मग झालं!'

नाही झालं. आपण हॉटेलच्या चेक-इनपासून सिमकार्डापर्यंत सगळीकडे आधार पुढे करतो, त्यामुळे तो जन्मतारखेचाही पुरावा आहे असं वाटतं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे. पीएफ संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही एका अपघात भरपाईच्या केसमध्ये हेच सांगितलं. मृत व्यक्तीचं वय आधारप्रमाणे ४७ होतं, शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे ४५. कोर्टाने दाखला ग्राह्य धरला. दोन वर्षांचा तर फरक, असं वाटेल. पण भरपाईचा गुणक वयावरून ठरतो. इथे तो १३ वरून १४ झाला, म्हणजे कुटुंबाला जास्तीच्या एका वर्षाच्या कमाईचा आधार मिळाला.

नव्या पिढीसाठी नियम आता सरळ झालेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा एकच पुरावा, जन्म दाखला. तुम्ही-आम्ही मात्र त्याआधीचे. आपल्याला एलसी, पॅन, लायसन्स असे बरेच पर्याय चालतात. पर्याय जास्त, म्हणून चुकायला जागाही जास्त.

जनरलसाहेबही सुटले नाहीत

हे फक्त साध्या माणसांचं होतं, असं समजू नका. लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या काही सरकारी नोंदींत १० मे १९५० होती, काहींत १० मे १९५१. एका वर्षाचा फरक आणि प्रश्न थेट पदावर आणखी किती दिवस राहायचं याचा! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ ला ते निवृत्त झाले. १९५० हीच तारीख कायम राहिली.

माझ्या ओळखीतलं उदाहरण इतकं हाय-प्रोफाइल नाही, पण मला जास्त टोचलं. माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत आहे. तिचे बाबा एका खासगी कारखान्यात नोकरी करून २०२२ मध्ये ५८ व्या वर्षी रिटायर झाले. पीएफच्या रेकॉर्डवर १ जून १९६४, आधारवर १ जानेवारी १९६५. आजीच्या सांगण्याप्रमाणे जन्म वसुबारसेच्या रात्रीचा, पण ती तारीख कुठेच नाही! पेन्शनचा फॉर्म परत आला. मग गावच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढा, आधार दुरुस्त करा, कंपनीच्या सहीसाठी फेऱ्या मारा. सात महिने हेच चाललं. मैत्रीण म्हणाली, "पैशांचं आम्ही कसंही निभावलं गं. पण बाबांना वाटायला लागलं, की त्यांच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही. चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाला स्वतःचं वय सिद्ध करायला लागावं?"

हे ऐकल्यावर मी माझे आणि घरच्यांचे सगळे कागद एका टेबलावर मांडले. तुम्हीही मांडा.

वयाचा रेट काय?

आता थोडं पैशांचं. वय जितकं कमी तितकं प्लॅनिंग स्वस्त, हा फंडा सगळेच ऐकवतात. त्याचा सगळ्यात स्वच्छ आकडा सरकारच्याच अटल पेन्शन योजनेत दिसतो. साठीनंतर महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल, तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, ३० व्या वर्षी ५७७ आणि ४० व्या वर्षी १,४५४. एकूण हिशोब केला तर पहिला भरतो १,०५,८४० आणि शेवटचा ३,४८,९६०. पेन्शन दोघांना तेवढीच! ऑक्टोबर २०२२ पासून इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना ही योजना खुली नाही, म्हणजे आपल्यातले बरेच जण बाहेरच. पण उशिराची किंमत कळायला हे गणित पुरेसं आहे.

टर्म इन्शुरन्सचंही तसंच. पॉलिसी घेताना जे वय, त्यावर प्रीमियम ठरतो. इथे कागदावरची तारीख पुन्हा आडवी येते. तीन वर्षांनंतर विमा कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण वयाचा पुरावा ती कधीही मागू शकते आणि वय चुकलेलं निघालं तर त्याप्रमाणे अटी बदलू शकते. हे कधी होईल? बहुतेक वेळा क्लेमच्या वेळी, म्हणजे उत्तर द्यायला तुम्ही नसताना.

पुढच्या पायऱ्याही वयाच्याच आहेत. पीएफची पूर्ण पेन्शन ५८ ला. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी. बँकेत सीनिअर सिटिझनचं जास्तीचं व्याज ६० ला. एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट ६५ ला आणि फुकट प्रवास ७५ ला. बाबांच्या कागदावर वय दोन वर्षं कमी असेल, तर हे सगळं दोन वर्षं उशिरा!

या वीकेंडला एवढं कराच

* जन्म दाखला, एलसी, आधार, पॅन, पासपोर्ट, पीएफ आणि इन्शुरन्स पॉलिसी. सातही तारखा एका कागदावर लिहा. मग आईबाबांच्या लिहा.
* आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते. म्हणून आधी मूळ पुरावा पक्का करा, मगच आधारला हात लावा.
* तुमचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल, तर पीएफमधली जन्मतारीख २०२५ पासून ऑनलाइन स्वतःच दुरुस्त करता येते. जुन्यांना कंपनीमार्फत जॉइंट डिक्लरेशन द्यावं लागतं. कंपनी चालू आहे आणि एचआर ओळखीचा आहे, तोवर उरकून टाका.
* सरकारी नोकरीत आहात? सर्व्हिस बुकातली तारीख बदलायची मुदत रुजू झाल्यापासून पाच वर्षं. नंतर जवळजवळ अशक्य.
* पॉलिसीत नॉमिनी १८ च्या आतला असेल, तर पैसे कोण स्वीकारेल त्या मोठ्या माणसाचं नाव लगेच नोंदवा.

खरा वाढदिवस कुठल्या दिवशी साजरा करायचा, तो तुमचा प्रश्न. हवं तर दोन्ही करा, केक दोनदा मिळेल! कागदांवर मात्र तारीख एकच ठेवा.