नितळ पाणी, दाट पाणवनस्पती आणि बास मासा

गळ टाकून बसलेल्या माणसाविषयी आपल्याकडे फारसे चांगले मत नसते. आकड्याला कणकेची गोळी किंवा गांडूळ लावावे, दोरा डोहात सोडावा आणि मासा येईल तेव्हा येईल म्हणून झाडाखाली बसून राहावे. नशीब आणि सबुरी, या दोनच गोष्टी त्या कामाला लागतात अशी आपली समजूत. पण अमेरिकेच्या उत्तरेकडची मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही राज्ये आणि त्यांना लागून असलेला कॅनडाचा ओंटारिओ प्रांत येथील मासेमाऱ्यांपुढे हे बोलून पाहा, ते हसतील. बास नावाचा मासा गळाने धरणे हा त्या मुलखातला फार मोठा छंद आहे; आणि त्यात नशिबापेक्षा तळे वाचता येण्याला अधिक महत्त्व आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज तिकडे राहतात, तेव्हा हा विषय अगदीच परका मानण्याचे कारण नाही. शिवाय मासा धरण्याची इच्छा नसली, तरी तळे वाचणे म्हणजे काय हे समजून घेण्यात मौज आहे.

प्रथम ही तळी कशी आहेत ते पाहू. हिमयुगाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, बर्फाचे प्रचंड थर उत्तरेकडे मागे हटले. त्यांनी खरवडलेल्या खळग्यांत आणि गाडल्या गेलेल्या हिमखंडांच्या जागी पाणी साचले. एकट्या मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी मोजलेली आहेत. त्यांपैकी पुष्कळांचे पाणी इतके नितळ असते की चार-पाच मीटर खोलीवरचा दगडही वरून दिसावा. आणि पाणी नितळ असले की तळाशी वनस्पती माजतात.

हे ऐकून कुणी विचारील, नितळ पाण्यात वनस्पती जास्त का? उत्तर सोपे आहे. झाडाला उजेड हवा. गढूळ पाण्यात ऊन दीड-दोन मीटरवर संपते, म्हणून तिथल्या वनस्पती काठाशीच थांबतात. नितळ पाण्यात तेच ऊन पाच-सहा मीटरपर्यंत पोचते आणि तितक्या खोलीवर पाण्याखाली चांगले रान उभे राहते. जिथे उजेड पुरेनासा होतो तिथे हे रान संपते. बहुतेक ठिकाणी ते विरळ होत जाते. पण जिथे तळ एकदम उतरतो तिथे कुंपण घातल्यासारखी सरळ कड दिसते. बास धरणाऱ्याने पहिल्या दिवशी शोधायची ती हीच कड.

कारण पुढची साखळी तिथून सुरू होते. वनस्पतींवर बारीक किडे आणि गोगलगायी वाढतात. ते खायला ब्लूगिल, पर्च यांसारखे लहान मासे येतात. लपायलाही त्यांना तीच जागा सोयीची. आणि या लहान माशांसाठी बास येतो. तो पाठलाग करून दमवणारा शिकारी नव्हे, दबा धरून बसणारा आहे. मांजर दाराआड बसते ना, तसा तो रानाच्या कडेला, आतल्या एखाद्या पोकळीत किंवा कमळाच्या पानांच्या सावलीत स्थिर राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून ते पाण्यासकट ओढून घेतो. म्हणून साऱ्या रानात सारखेच मासे असतील असे समजू नये. जिथे काहीतरी बदलते तिथे बास असतो. कड आत वळते तिथे, कडेचे टोक खोल पाण्यात पुढे आलेले असते तिथे, एका जातीची वनस्पती संपून दुसरी सुरू होते तिथे, किंवा रानाच्या मधोमध खडकाळ तुकडा असतो तिथे गळ टाकावा.

इथवर काम सोपे वाटेल. पण नितळ पाण्याची खरी अडचण पुढेच आहे. आपल्याला मासा दिसतो, तसे माशालाही आपण दिसतो!

आपण पदार्थविज्ञानात प्रकाशाचे वक्रीभवन शिकलो होतो. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला बाहेरचे सगळे जग एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन तळाचेच प्रतिबिंब दाखवतो. दोन मीटर खोल असलेल्या माशाच्या डोक्यावरची ही खिडकी सुमारे साडेचार मीटर व्यासाची असते. खिडकीच्या मध्यातून सरळ वरचे स्पष्ट दिसते. दूरचे आणि बुटके ते कडेला चेपून, अस्पष्ट होऊन दिसते. म्हणजे बोटीत ताठ उभा राहिलेला माणूस जवळ गेला की माशाला चांगलाच ओळखू येणार. तोच माणूस लांब राहिला, खाली बसला, तर जवळजवळ नाहीसा होणार. वारा सुटून पाण्यावर लहरी उठल्या की खिडकीची काच जणू फुटते. म्हणूनच अनुभवी मासेमार निवांत, आरशासारख्या दुपारपेक्षा वाऱ्याचा, ढगाळ दिवस पसंत करतो. तसा दिवस मिळाला नाही तर पहाट आणि तिन्हीसांजा साधतो.

यातूनच नितळ पाण्याचे सारे नियम निघतात. गळ लांबून फेकावा. बोटीचे यंत्र लवकर बंद करावे. पाय आपटू नयेत, कारण माशाला डोळ्यांखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंना कंपने टिपणारी एक रेषाही असते. दोरा बारीक असावा. फ्लुओरोकार्बनचा दोरा साध्या नायलॉनपेक्षा पाण्यात कमी दिसतो, कारण त्याचा वक्रीभवनांक पाण्याच्या अधिक जवळ आहे. आमिषाचे रंग भडक नकोत. पर्चसारखे हिरवट किंवा तपकिरी बरे.

आता आमिषाविषयी. तिकडे बहुधा नकली आमिष वापरतात. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ साली घरच्या घरी मऊ प्लास्टिकचे गांडूळ ओतून तयार केले. पुढे बास धरणाऱ्यांत ते घरोघर झाले. दाट रानात त्याचा मोठा उपयोग असा, की आकड्याचे टोक गांडुळाच्या अंगातच लपवून ठेवता येते. मग ते पानांत अडकत नाही, आणि माशाने चावा घेतला की मऊ अंगातून टोक बाहेर येते. हे गांडूळ कडेवर टाकून नुसते बुडू द्यावे. बास पुष्कळदा ते बुडत असतानाच घेतो. हाताला झटका लागत नाही, दोरा मात्र किंचित बाजूला सरकतो. म्हणून नजर दोऱ्यावर हवी. कडेला काटकोनात फेकण्यापेक्षा तिला समांतर फेकले, तर आमिष अधिक वेळ माशांच्या टप्प्यात राहते.

कमळाच्या पानांचे आच्छादन असेल तिथे हे चालत नाही. तिथे पोकळ रबरी बेडूक पानांवरून उडवत आणावा आणि दोरा मात्र जाड, विणलेला घ्यावा. कारण एकदा मासा देठांत घुसला की बारीक दोरा गेलाच म्हणून समजा. बासने खालून धडक दिली की नवशिका दचकून लगेच काठी ओढतो आणि बेडूक रिकामा परत येतो. क्षणभर थांबावे, दोऱ्यावर वजन जाणवावे, मग ओढावे.

ऋतूप्रमाणे जागाही बदलतात. बर्फ वितळल्यावर उथळ, काळ्या तळाच्या खाड्या आधी तापतात, म्हणून वसंतात बास तिथे सापडतो. भर उन्हाळ्यात तो खोल कडेला जातो. शरद ऋतूत उथळ पाण्यातल्या वनस्पती मरून कुजू लागतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. तेव्हा जिथे हिरवे रान शिल्लक असेल तिथे मासे गोळा होतात. तपकिरी झालेले सोडावे आणि हिरवे शोधावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पण या वर्षक्रमात काही आठवडे असे येतात, की त्या वेळी ही सारी विद्या बाजूला ठेवावी. पाणी १५ ते १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की, म्हणजे साधारण मे-जूनमध्ये, नर उथळ पाण्यात शेपटीने गाळ झाडून थाळीएवढी किंवा तिच्याहून मोठी गोल जागा साफ करतो. मादी तिथे अंडी घालून निघून जाते. पुढची सगळी राखण बापाची. शेपटीने वारा घालावा तसे पाणी हलवून तो अंडी स्वच्छ ठेवतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो, पिल्ले पोहू लागली तरी काही दिवस त्यांच्याबरोबर राहतो. एरवी एवढा सावध असणारा हा मासा त्या दिवसांत आमिष खाण्यासाठी नव्हे, तर हाकलण्यासाठी तोंडात धरतो. आणि नितळ पाण्यात त्याचे फिक्या रंगाचे घरटे बोटीतून सहज दिसते. वर्षभर जे पाणी त्याला सावध करीत होते, तेच आता त्याला उघडे पाडते. तो काही मिनिटे जरी जागेवरून हलला तरी टपून बसलेले ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात. मागाहून त्याला सोडून दिले तरी तोवर घर लुटलेले असू शकते. उत्तरेकडे उन्हाळा आखूड, माशाची वाढ हळू. तिथला चांगला मोठा बास कित्येकदा दहा-बारा वर्षांचा असतो. तेव्हा घरट्यावरचा मासा दिसला, तर बोट वळवून दुसरीकडे जावे. कायद्याने मनाई असो वा नसो, हा शहाणपणाचा नियम आहे.

शेवटी, नितळ म्हणजे निरोगी असेही समजू नये. काळ्या आणि कॅस्पियन समुद्रांच्या परिसरातला झेब्रा शिंपला जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून अमेरिकेत आला. १९८८ साली तो सेंट क्लेअर सरोवरात सापडला, तर मिनेसोटातल्या प्रसिद्ध मिनेटोंका सरोवरात २०१० साली. नखाएवढा हा जीव दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. अशा कोट्यवधी शिंपल्यांनी पाणी नितळ होते खरे. पण ज्या सूक्ष्म जीवांवर माशांची नुकतीच जन्मलेली पिल्ले जगतात, तेच त्या गाळण्यात नाहीसे होतात. ऊन खोल जाते, रान वाढते, पाहुण्याला तळे सुंदर वाटते, आणि साखळीची पहिली कडी मात्र झिजत जाते.

या शिंपल्याची पिल्ले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात ती बहुधा मासेमाराच्याच बोटीतून. म्हणून बोट बाहेर काढली की तिला चिकटलेली पाने काढावी, तळाचे बूच उघडून पाणी ओतून टाकावे, असा मिनेसोटात कायदाच आहे. पाच मिनिटांचे काम. पण दिवसभरात शिकलेल्या साऱ्या युक्त्यांपेक्षा तेच अधिक मोलाचे. कड कुठे आहे, मासा कुठे दडला आहे, हे ज्याला कळले त्याच्यावर तळे जसे मिळाले तसे पुढच्यासाठी ठेवण्याची जबाबदारीही येते.